नावे वाचणारा आवाज

मानवी हक्कांच्या लढ्यात कलेने काय करावे, हा प्रश्न चर्चासत्रांतून वारंवार विचारला जातो आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते: कलेने जनजागृती करावी. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते इतके सैल आहे की त्यात कोणतीही कलाकृती सहज मावते. म्हणून आम्ही तो प्रश्न एकाच माणसाच्या निमित्ताने तपासून पाहणार आहोत. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या चिमुकल्या देशाच्या राजधानीचे, सान साल्वादोरचे, आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांच्यावर चित्रपट निघाले, गाणी रचली गेली. २०१८ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले. या साऱ्या निर्मितीचे मूल्यमापन करावयाचे, तर ते कोणत्या मापाने? आमच्या मते ते माप स्वतः रोमेरो यांनीच ठेवून दिले आहे, आणि ते त्यांच्या रविवारच्या प्रवचनांत सापडते.

रोमेरो २२ फेब्रुवारी १९७७ रोजी आर्चबिशप झाले. तीन आठवडेही उलटले नव्हते तोच, १२ मार्च रोजी, येशूसंघीय धर्मगुरू रुतिलिओ ग्रांदे यांना एल पाइस्नालच्या वाटेवर गोळ्या घालून ठार मारण्यात आले. गाडीत त्यांच्याबरोबर वृद्ध मानुएल सोलोर्सानो आणि सोळा वर्षांचा नेल्सन रुतिलिओ लेमुस हे दोघे होते. तेही मारले गेले. पुढील तीन वर्षांत असे प्रसंग नित्याचे झाले. देशातील प्रमुख वर्तमानपत्रे धनिकांच्या हाती होती. शेतमजुराला घरातून उचलून नेले, तर ती बातमी होत नसे. धर्मप्रांताजवळ वायएसएएक्स नावाचे एक साधे रेडिओ केंद्र होते. आर्चबिशपांची रविवारची मिस्सा त्यावरून प्रक्षेपित होई आणि प्रवचन कधी कधी दीड तासापर्यंत चाले.

त्या प्रवचनांची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. आधी त्या दिवसाची शास्त्रवाचने आणि त्यांचे सविस्तर, काहीसे जुन्या वळणाचे विवरण. (रोमेरो हे स्वभावाने पुस्तकी व भिडस्त होते, वक्तृत्वाची आतषबाजी त्यांना कधी जमली नाही.) त्यानंतर येई आठवड्याचा वृत्तान्त: अमुक गावात, अमुक दिवशी, अमुक माणसाला अमुक गणवेशातील लोकांनी नेले, तो परतलेला नाही. धर्मप्रांताच्या कायदा साहाय्य केंद्रातील तरुण वकील खेड्यापाड्यांतून आलेल्या बायकामाणसांच्या जबान्या उतरवून घेत, आणि त्या माहितीतून सिद्ध झालेली यादी प्रवचनपीठावरून वाचली जाई. नाव, गाव, तारीख. विशेषणे जवळजवळ नाहीतच.

ही यादी म्हणजे कला नव्हे, असे कोणी म्हणेल. आम्ही तिला कथनाचा एक अत्यंत शुद्ध प्रकार मानतो. नोव्हेंबर महिन्यात आपल्या चर्चमध्ये मृतांची नावे वाचली जातात, तेव्हा आपल्या माणसाचे नाव येईपर्यंत कान कसे टवकारलेले असतात, हे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे. आता कल्पना करा की ज्याचे प्रेतही हाती आले नाही, ज्याच्याविषयी अधिकारी ‘असा कोणी माणूस आमच्याकडे नाही’ असे सांगतात, त्याचे नाव रेडिओवरून, मिस्सेच्या मध्यभागी, साऱ्या देशाला ऐकू येते. सरकार म्हणते काहीच घडले नाही. यादी म्हणते घडले, आणि ते याच्या बाबतीत घडले. त्या माऊलीला रडण्याची मुभा मिळते, आणि शेजाऱ्याला ‘मला माहीत नव्हते’ असे म्हणता येत नाही.

विरोधकांना या वाङ्मयप्रकाराचे मर्म समीक्षकांच्या आधी कळले होते. १७ फेब्रुवारी १९८० रोजी रोमेरो यांनी अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांना लिहिलेले, लष्करी मदत पाठवू नका असे विनविणारे पत्र प्रवचनात वाचून दाखविले. दुसऱ्याच दिवशी बॉम्बस्फोटाने रेडिओ केंद्र बंद पाडले गेले. २३ मार्चला ते पुन्हा सुरू झाले. कोस्टारिकातील एका लघुलहरी केंद्रानेही त्या दिवशीचे प्रवचन दूरवर पोहोचविले. त्याच प्रवचनात त्यांनी सैनिकांना आपल्याच बांधवांची हत्या थांबविण्याची आज्ञा केली. २४ मार्चच्या संध्याकाळी एका रुग्णालयाच्या लहानशा चॅपलमध्ये मिस्सा अर्पण करीत असताना त्यांच्यावर गोळी झाडण्यात आली.

आता चित्रपटाकडे वळू. पॉलिस्ट संघाचे फादर एल्वुड कीझर यांनी निर्मिलेला आणि जॉन ड्युगन यांनी दिग्दर्शित केलेला ‘रोमेरो’ १९८९ साली आला. एल साल्वादोरमध्ये तेव्हा यादवी युद्ध चालू असल्याने चित्रीकरण मेक्सिकोत झाले, आणि पात्रे इंग्रजी बोलतात. त्यातील राउल हुलिया यांचा अभिनय आम्हांस मनापासून आवडतो. भित्रा माणूस शूर होतो असे ते दाखवीत नाहीत; भित्रा माणूस भीत भीतच पुढे जातो असे दाखवितात. सैनिकांनी छावणी केलेल्या चर्चमध्ये ते पवित्र भाकर आणावयास जातात, हाकलले जातात, आणि पुन्हा आत शिरतात. त्या प्रसंगी त्यांचे वाकलेले खांदे सारे काही सांगून जातात.

पण चित्रपटाची घडण मनःपरिवर्तनाच्या गोष्टीची आहे, आणि अशा गोष्टीत एकच माणूस मावतो. खेडुतांच्या यातना पडद्यावर आहेत. मात्र त्या आर्चबिशपांचे डोळे उघडण्यासाठी योजिलेल्या पायऱ्या होतात. सोलोर्सानो आणि लेमुस यांची नावे चित्रपट पाहून झाल्यावर किती जणांच्या ओठांवर राहतात? ज्याने स्वतःला मागे ठेवून इतरांची नावे पुढे केली, त्याच्यावरील चित्रपटात नेमके उलटे व्हावे, याची आम्हांस खंत वाटते. ऑलिव्हर स्टोन यांच्या ‘साल्वादोर’मध्ये (१९८६) तर नायक अमेरिकन पत्रकार आहे, त्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही.

आमच्या दृष्टीने सर्वांत सरस ठरते ते एक गाणे, आणि गंमत अशी की त्यात रोमेरो यांचे नावच नाही. पनामाचे गायक रुबेन ब्लेड्स यांनी १९८४ साली, रोमेरो यांच्या हत्येवरून स्फूर्ती घेऊन, फादर अंतोनिओ आणि वेदीसेवक आंद्रेस यांची कथा गायिली. स्पेनहून आलेला साधा धर्मगुरू, आणि दहा वर्षांचा मुलगा. त्या मुलाला अजून विश्वासांगीकार नीट पाठ नाही. त्याला नदी आवडते, फुटबॉल आवडतो आणि शाळा बुडविणे आवडते. गोळ्या दोघांनाही लागतात. पात्रे काल्पनिक आहेत, परंतु पोराला पूर्ण नाव आहे, शाळा आहे, आवड आहे, आणि त्याचा मृत्यू धर्मगुरूच्या मृत्यूइतकाच मोठा आहे. सत्य नावाच्या चित्रपटाला जे साधले नाही, ते कल्पित नावाच्या या गाण्याला साधले. हत्येचे गाणे नाचाच्या ठेक्यावर का, असे काहींना खटकते. आम्हांस तो ठेकाच योग्य वाटतो. जी माणसे मारली गेली, त्यांच्या घरच्या सणासमारंभांचे संगीत हेच होते.

अर्थात यादीलाही मर्यादा आहे. ती गावाबाहेर फारशी प्रवास करीत नाही. ज्याने एल पाइस्नाल पाहिले नाही, त्याच्या कानी ते केवळ ध्वनी होत. चित्रपट मात्र सातासमुद्रापलीकडे जातो. रोमेरो हे नाव जगभरच्या अनेक प्रापंचिकांनी प्रथम त्यातूनच ऐकले असेल, आणि हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. चित्रपट माणसाला दारापर्यंत आणतो. आत काय आहे ते त्याला फारसे दाखविता येत नाही, एवढाच आमचा आक्षेप.

सान साल्वादोरच्या कुस्कात्लान उद्यानात २००३ साली उभारलेल्या काळ्या दगडी भिंतीवर युद्धातील मृत व बेपत्ता नागरिकांची २५ हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. रविवारच्या त्या यादीचेच हे पुढचे पान आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१० मध्ये २४ मार्च हा सत्य जाणण्याच्या हक्काचा दिन म्हणून जाहीर केला. आणि २२ जानेवारी २०२२ रोजी फादर ग्रांदे यांना धन्यवादित घोषित करताना ख्रिस्तसभेने सोलोर्सानो आणि लेमुस यांनाही तोच मान दिला.

ब्लेड्स यांच्या गाण्यात मारेकरी कोण ते कधीच कळत नाही. १९८४ साली ते खरेच होते. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सत्यशोधन आयोगाने रोमेरो यांच्या हत्येचा आदेश माजी मेजर रोबेर्तो द’ऑब्युइसन याने दिल्याचे नाव घेऊन नोंदविले. तो आदल्या वर्षीच मरण पावला होता. अहवालानंतर आठवडाभरातच सर्वांना माफी देणारा कायदा संमत झाला. तो रद्द व्हायला २०१६ साल उजाडले, आणि त्या हत्येबद्दल फौजदारी न्यायालयात आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही. गाण्याची ती ओळ अजून तशीच गायिली जाते.