'द डेड'मधील पश्चिम दिशा

जेम्स जॉइसच्या कथांतील आकस्मिक बोधाला आपल्याकडे 'साक्षात्कार' म्हणणे सोयीचे जाते. परंतु संतवाङ्मयाने या शब्दाला दिलेली कृतार्थतेची छटा इथे दिशाभूल करते. १९०७ साली लिहिलेली व 'डब्लिनर्स' (१९१४) या संग्रहाची सांगता करणारी 'द डेड' ही कथा पाहावी.

डब्लिनचा शिक्षक गेब्रिएल कॉनरॉय नाताळच्या दिवसांत मावशांकडे मेजवानीला येतो. मिस आयव्हर्स त्याला पश्चिमेकडील ॲरन बेटांवर येण्याचा आग्रह करते. त्याचा ओढा युरोपकडे. आयरिश ही आपली भाषाच नव्हे, असेही तो सांगून टाकतो. (सीमेवरच्या वाचकाला या वाक्याचे वजन समजावून द्यावे लागत नाही.) पत्नी ग्रेटा तिकडचीच ना, असे विचारताच तिच्या घरचे लोक तिकडचे, एवढेच तो तुटकपणे म्हणतो. माझ्या मते कथेचे मर्म या तुटकपणात आहे. पुढे जिन्यावर गाणे ऐकत उभी असलेली ग्रेटा त्याला एखाद्या चित्राचा विषय वाटते. तिच्या कानी गॅलवे आहे, हे त्याच्या गावीही नसते. हे गाणे गाणाऱ्या, सतराव्या वर्षी वारलेल्या मायकेल फ्युरीची हकीकत ती रात्री हॉटेलात सांगते, तेव्हा नाकारलेला प्रदेशच त्याच्यापुढे येऊन ठाकतो. कृतार्थता दूरच, दिसते ते स्वतःचे हास्यास्पद रूप.

शेवटच्या हिमवर्षावाला मृत्यूचे वैश्विक प्रतीक ठरवून टीकाकार मोकळे होतात. पण हा बर्फ नकाशा धरून पडतो: मध्यवर्ती मैदान, ॲलनची दलदल, त्याही पश्चिमेला शॅनन नदी, आणि मग फ्युरीला पुरले ती टेकडीवरची दफनभूमी.