परतभेटीची दोन रूपे : ‘याश’च्या कादंबऱ्या आणि ‘बुक ऑफ रेचल’

प्रास्ताविक

स्थलांतरिताची मायदेशातील परतभेट हा विसाव्या शतकातील ज्यू साहित्याचा एक महत्त्वाचा विषय आहे. मात्र अशा साहित्याची समीक्षा करताना आपण बहुधा गेलेल्या माणसाच्या मनाचाच शोध घेतो. ज्यांच्या घरी तो येतो, त्यांच्या दृष्टीने या भेटीचा अर्थ काय, हा प्रश्न मागे पडतो. प्रस्तुत लेखात दोन साहित्यकृतींच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

पाहुण्याच्या कानांनी ऐकलेले पोलंड

यिद्दिश कवी याकोव्ह ग्लाटश्टाइन १९१४ मध्ये पोलंडमधील लुब्लिन सोडून न्यूयॉर्कला गेले. आई मृत्युशय्येवर असल्यामुळे १९३४ मध्ये ते परतले. या प्रवासातून ‘याश निघाला तेव्हा’ (१९३८) आणि ‘याश आला तेव्हा’ (१९४०) अशा अर्थाच्या शीर्षकांच्या दोन यिद्दिश कादंबऱ्या निर्माण झाल्या. पहिलीत जहाजावरचा प्रवास आहे. हिटलरने आपल्याच सहकाऱ्यांना ठार केल्याची बातमी तेथे पोहोचते, तेव्हा ज्यू प्रवाशांची अस्वस्थता इतरांना उमगत नाही. दुसरीत आईच्या मृत्यूनंतर पोलंडमधील एका विश्रामस्थानी भेटलेली माणसे आहेत. निवेदक स्वतः कमी बोलतो आणि अधिक ऐकतो. हे या लेखनाचे मोठे सामर्थ्य होय.

या कादंबऱ्या लिहिल्या गेल्या तेव्हा ज्यूंचा सामूहिक संहार अद्याप व्हायचा होता. नंतर लुब्लिनच्याच वेशीवर मायदानेक छळछावणी उभी राहिली. हे ठाऊक असलेला आजचा वाचक प्रत्येक पात्राकडे भावी मृत म्हणून पाहू लागतो. ही दृष्टी स्वाभाविक असली तरी अन्यायकारक आहे. ती माणसे भांडत होती, विनोद करीत होती, उद्याचे बेत आखीत होती.

उंबरठ्याच्या आतून

एस्थर डेव्हिड यांच्या ‘बुक ऑफ रेचल’ (२००६) या इंग्रजी कादंबरीला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. येथे केंद्रस्थानी आहे कोकण किनाऱ्यावर एकटी राहणारी बेने इस्रायली रेचल. मुले इस्रायलला गेली आहेत. सिनेगॉगची झाडलोट ती करते आणि त्याची जमीन विकण्याचा डाव पुढे येताच विरोधाला उभी राहते. कन्या झेफ्रा परतते, ती या चालत्या संसारात. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी येणाऱ्या पाककृतींमुळे कथनाचा वेग काही ठिकाणी मंदावतो. परंतु स्मृती ही रोजच्या कामातून टिकते, हे त्यातूनच ठसते.

दोन्ही इतिहास एकरूप मानणे मात्र चुकीचे ठरेल. कोकणातील बेने इस्रायलींना छळामुळे गाव सोडावे लागले नाही. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे स्वेच्छेने गेली. इस्रायलमध्ये त्यांच्या विवाहसंबंधांविषयी धर्मपीठाने शंका घेतल्या. दीर्घ आंदोलनानंतर १९६४ मध्ये तेथील संसदेने त्यांचे ज्यूपण निःसंदिग्धपणे मान्य केले. म्हणजे गेलेल्यांनाही नवे घर सहज लाभले नाही. तरीही रेचलकडे ‘लोप पावत्या समाजाचा अवशेष’ म्हणून पाहण्याची चूक याशच्या पोलंडबाबतच्या चुकीशी नाते सांगते. दोन्हीकडे मागे राहिलेल्यांचे वर्तमान नाकारले जाते.

समारोप

आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. रात्री नाटके होतात, नागपूर-पुण्याकडे गेलेली मुले चार दिवस घरी येतात. आपल्या वर्गातील अनेक विद्यार्थी मात्र वाट पाहणाऱ्या घरांतले असतात. स्थलांतराचे साहित्य शिकविताना केवळ गेलेल्याची व्याकुळता शिकविली, तर या विद्यार्थ्यांचे आईवडील, गाव आणि ते स्वतः हे दुसऱ्याच्या आठवणीचे साहित्य तेवढे उरतात. मागे राहणे हीसुद्धा एक कृती आहे. ग्लाटश्टाइन ती कान देऊन ऐकतात, तर डेव्हिड तिला कथेचे केंद्रच बहाल करतात. या दोन कृती एकत्र वाचण्याचे प्रयोजन हेच आहे.