‘ढगफुटीसदृश’ म्हणजे नेमकं काय?

पाऊस जरा जोरात झाला की टीव्हीवर पट्टी धावते: ‘ढगफुटीसदृश पाऊस’. हवामान विभागाच्या लेखी ढगफुटी म्हणजे साधारण २०-३० चौरस किलोमीटर भागात तासाला १०० मिमी किंवा जास्त पाऊस. मग माझा पहिला प्रश्न, तिथं पर्जन्यमापक होता का? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, कुलाब्याला जेमतेम ७३. शहर एकच!

हा नुसता शब्दाचा कीस नाही. ढग फुटला म्हटलं की दोष आभाळाचा. मग बुजलेला नाला, मदत कुठल्या वस्तीत पोचलीच नाही, हे विचारायचं राहून जातं. २००५ मध्ये मिठी नदीचं आक्रसलेलं पात्रही होतंच की.

आपली गोची आणखी वेगळी. आपत्तींच्या अभ्यासात बातम्यांची कात्रणं विदा म्हणून वापरतात. ती मोजून ‘ढगफुटी वाढली’ असं सिनॉप्सिसमध्ये लिहिणार असाल तर जरा थांबा. वाढलाय तो कदाचित नुसता शब्द. आधी त्या तारखेची तासागणिक नोंद मिळवा. दिवसभराची बेरीज इथं कामाची नाही.