शिलरचें 'वालेनस्टाइन' आणि धर्मयुद्धाचा प्रश्न

युद्धांचें मूळ धर्मांतच आहे असें मानणाऱ्यांनीं शिलरची १७९९ सालीं पुरी झालेली 'वालेनस्टाइन' ही नाट्यत्रयी अवश्य वाचावी. जर्मनींतील तीस वर्षांचें युद्ध (१६१८–१६४८) ही तिची पार्श्वभूमि. तें पेटलें पंथकलहानें. परंतु १६३१ सालीं कॅथलिक फ्रान्सनेंच प्रॉटेस्टंट स्वीडनला कॅथलिक सम्राटाविरुद्ध द्रव्यसाह्य दिलें. शिलरचा नायक, सम्राटाचा सेनापति वालेनस्टाइन, हाही पंथासाठीं नव्हे, तर सत्तेच्या मोहानें शत्रूशीं संधान बांधतो.

मग धर्म निर्दोष ठरतो काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. राजाच्या लोभासाठीं जो मरणार नाहीं, तोच देवाच्या नांवानें मरावयास सिद्ध होतो. शिलरच्या छावणींतले शिपाई मात्र पगार, लूट व सेनापतीवरील निष्ठा यांसाठीं लढतात. श्रद्धेनें लढणारा तेथें जवळजवळ दिसतच नाहीं. ह्या थोर कृतींत आम्हांस जाणवणारी उणीव ती हीच.