जमता जमता राहिलेला स्फटिक

आपल्या जेवणातले मीठ वितळवायचे तर ८०१ अंश सेल्सिअसची आच लागते. तेवढ्या उष्णतेत ॲल्युमिनियमचे भांडे केव्हाच वितळून गेलेले असते. ब्यूटिल-मेथिल-इमिडाझोलियम क्लोराइड हेही एक मीठच, पण ते सत्तर अंशांच्या आसपास, चहाच्या आधणाला उकळी फुटण्याच्या कितीतरी आधी, दाट आणि जड ओघाने वाहू लागते. क्लोराइड दोन्हीकडे तेच, बदललाय फक्त त्याचा जोडीदार. शंभर अंशांखाली वितळणाऱ्या अशा क्षारांना आयनिक द्रव म्हणण्याची रीत आहे. रसायनशास्त्रज्ञ पॉल वाल्डेन यांनी १९१४ साली ज्याची नोंद केली ते इथिल अमोनियम नायट्रेट तर १२ अंशांनाच वितळते, म्हणजे सुरतेच्या हिवाळ्यातल्या बहुतेक रात्रीही ते द्रवच राहील. पण आज आपण रेंगाळायचे ते त्या ब्यूटिल-मेथिल-इमिडाझोलियम क्लोराइडपाशी, कारण त्याची घडण एखाद्या कवितेइतकीच निवांत वाचण्याजोगी आहे.

साध्या मिठात सोडियम गोल आणि क्लोराइडही गोल. पंगतीत पाटाला पाट लावून माणसे बसावीत तसे ते एकाआड एक बसतात आणि स्फटिक सहज सिद्ध होतो. इमिडाझोलियमचा धनआयन मात्र या पंगतीतला अडचणीचा पाहुणा. पाच कोपऱ्यांची सपाट चकती, त्यात दोन नायट्रोजन. एका नायट्रोजनवर मेथिलचा आखूड खुंट, दुसऱ्यावर चार कार्बनांची लांब शेपटी. बसायला जावे तर चकती भलतीकडेच तोंड करते आणि शेपटी शेजाऱ्याच्या पानात जाते. शिवाय त्याचा धनभार एका बिंदूवर एकवटलेला नाही, साऱ्या चकतीवर तो पसरलेला आहे, त्यामुळे क्लोराइडने नेमके कुठे बिलगावे हेही ठरत नाही. एवढ्या गैरसोयी एकत्र आल्या म्हणूनच हे मीठ इतक्या सौम्य उष्णतेत वितळून मोकळे होते. इथली असममिती उणीव नव्हे, या रचनेतला सारा रस तिच्यातूनच पाझरतो.

आता त्या चकतीतला एकच अणू पाहू. दोन नायट्रोजनांच्या मध्ये सापडलेला एक कार्बन आहे आणि त्यावर एक हायड्रोजन. दोन्हीकडून इलेक्ट्रॉन ओढले गेल्याने हा हायड्रोजन अर्धाउघडा पडलेला. क्लोराइड त्याच्याकडे ओढ घेतो आणि दोघांत हायड्रोजन बंध जुळतो. हा हायड्रोजन किती सैल धरलेला आहे हे पाहायचे तर हे मीठ जड पाण्यात, म्हणजे हायड्रोजनऐवजी त्याचा जड भाऊ ड्युटेरियम असलेल्या पाण्यात, विरघळवून ठेवावे. अणुकेंद्रांचा चुंबकीय अनुनाद टिपणाऱ्या एनएमआरच्या आलेखावरचे त्याचे शिखर हळूहळू बुटके होत मावळते, कारण तो आपली जागा पाण्यातल्या ड्युटेरियमला देऊन निघून जातो. चकतीवरचे बाकीचे दोन हायड्रोजन मात्र जागचे हलत नाहीत. खरी गंमत पुढेच आहे. हा हायड्रोजन काढून तिथे मेथिल बसवला, तर एक बंध कमी झाल्याने द्रव पातळ व्हावा असे कुणालाही वाटेल. घडते उलटेच: द्रव अधिक दाट होतो, द्रवणांकही चढतो. काही जण म्हणतात की मेथिल आल्याने क्लोराइडच्या बसण्याच्या जागा कमी झाल्या, मोकळीक गेली. काहींचे म्हणणे असे की एकाच दिशेला ओढणारा तो हायड्रोजन बंध म्हणजे चहूकडून सारख्या ओढणाऱ्या विद्युत आकर्षणातली एक खोडच होती. खोड गेली आणि जाळे घट्ट झाले. मला हे दुसरे उत्तर अधिक भावते, पुराव्यापेक्षा त्याच्या डौलामुळे, हे कबूल.

शेपटीकडे वळू. चार कार्बनांची ही साखळी सरळ राहू शकते किंवा मध्येच मुरडू शकते, आणि या मिठाचे स्फटिकही दोन प्रकारचे मिळतात: एकात शेपटी सरळ, दुसऱ्यात मुरडलेली. कलकत्त्यात १९२८ साली सी. व्ही. रामन यांनी दाखवलेल्या प्रकाशाच्या विकिरणातून या दोन्ही ठेवणी वेगवेगळ्या ओळखता येतात. सरळ ठेवणीची रेषा ६२५ तरंगांकाला उमटते, मुरडलेलीची ६०३ला. जपानमधल्या संशोधकांनी २००३च्या सुमारास हे मीठ वितळवून पाहिले, तेव्हा दोन्ही रेषा एकत्र दिसल्या. म्हणजे द्रवात एकाच वेळी काही शेपट्या सरळ असतात, काही मुरडलेल्या. दोन स्फटिकांचे मनसुबे एकाच जागी नांदतात आणि कुठलाच तडीस जात नाही.

शेपटी आणखी वाढवत नेली तर? सहा-आठ कार्बनांपर्यंत द्रवणांक साधारण उतरत जातो आणि मग, जणू उतार संपला असावा तसा, पुन्हा चढू लागतो. लांब शेपट्यांना आता एकमेकींचा सहवास हवासा होतो, भारित चकत्या आणि क्लोराइड वेगळे जाळे विणतात, तेलकट शेपट्या आपापल्या डबक्यांत गोळा होतात. २००६ साली संगणकावर काढलेल्या चित्रांत लोपेस आणि पादुआ या संशोधकांनी भारित भागाला लाल आणि तेलकट भागाला हिरवा रंग दिला. ती लाल-हिरवी चित्रे एकदा पाहिली की साधा पारदर्शक द्रव पुन्हा तितका साधा वाटत नाही. बारा-चौदा कार्बन झाले की काही क्षारांत थेट द्रवस्फटिक अवतरतो. ज्या शेपटीने पंगत मोडली, तीच आता नवी पंगत मांडते.

सुरत इथे येते. तिथल्या सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत अशा लांब शेपटीच्या, साबणधर्मी आयनिक द्रवांचा अभ्यास चालतो, आणि शहराच्या वीर नर्मद विद्यापीठात साबणधर्मी द्रव्यांच्या अभ्यासाची परंपरा त्याहून जुनी आहे. ज्या शहरात पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये आपल्या खानदेशातून आलेल्या माणसांचे हात रोज रंगाच्या पाण्यात जातात, तिथे हा विषय रुजला यात नवल नाही. सोळा कार्बनांची शेपटी असलेला इमिडाझोलियम पाण्यात टाकला की शेपट्या आत आणि चकत्या बाहेर असे इवले गोळे बनतात, ज्यांना मिसेल म्हणतात. पूर्ण ताणलेल्या शेपटीची लांबी सव्वादोन नॅनोमीटरच्या आतबाहेर, म्हणून गोळ्याची त्रिज्याही त्याच मापात. हे डोळ्यांना दिसणे अशक्य, तेव्हा सुरतेच्या प्रयोगशाळांतले असे नमुने सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या ट्रॉम्बेत, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनांसमोर ठेवले जातात. इथेही जड पाणीच कामी येते. हायड्रोजन आणि ड्युटेरियम न्यूट्रॉनांना अगदी वेगळे दिसतात, त्यामुळे जड पाण्याच्या पार्श्वभूमीवर हायड्रोजनने भरलेला गोळा ठळक उठून येतो, आणि न्यूट्रॉन कुठे किती विखुरले यावरून त्याचा आकार काढता येतो.

हा आकारही कायम गोल राहत नाही. द्रावणात सोडियम सॅलिसिलेट घातले की त्याची चपटी कडी चकत्यांच्या अधेमधे शिरते, भारांचे आपसातले प्रतिकर्षण कमी करते, आणि गोळे लांबत लांबत एकमेकांत गुंतलेले बारीक किडे होतात. बाटली गोल फिरवून एकदम थांबवली तर आतले हवेचे बुडबुडे क्षणभर थबकतात आणि किंचित उलटे फिरतात. नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असलेला तो द्रव आता नुसता वाहत नाही, ताणला जाऊन मागेही येतो.