प्रौढांचे इंग्रजी आणि भाषांतरपद्धती : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात एक परीक्षण

उतारवयात इंग्रजीचा श्रीगणेशा करणाऱ्या माणसास ती भाषा कोणत्या पद्धतीने शिकवावी, हा प्रश्न आपल्याकडे स्वतंत्रपणे क्वचितच मांडला जातो. बालकांसाठी सिद्ध केलेली पद्धती थोडी सुलभ करून प्रौढांच्या हाती द्यावी, असा सर्वसाधारण प्रघात आहे. हा प्रघात कितपत ग्राह्य आहे, याचे परीक्षण गोंदिया जिल्ह्याच्या भाषिक परिस्थितीच्या आधारे येथे करावयाचे आहे.

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या सीमेस लागून आहे. झाडीबोली, पोवारी, गोंडी आणि हिंदी यांचा येथील नित्य व्यवहारात संचार आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ८५ टक्के होते. परंतु साक्षर मनुष्य इंग्रजी जाणतोच असे नाही. महाराष्ट्रात पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. तत्पूर्वी चौथी होऊन ज्यांनी शाळा सोडली, त्यांचा इंग्रजीशी वर्गात संबंधच आला नाही. आज साठी ओलांडलेल्या या माणसांस औषधाच्या वेष्टनावरील अक्षरे, बँकेतील अर्ज आणि भ्रमणध्वनीवरील सूचना यांच्याशी गाठ घालावी लागते. २०२२ पासूनचा ‘उल्लास’ हा नवसाक्षरता कार्यक्रम पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान यांवर मुख्यतः भर देतो. वाचता येणाऱ्या माणसाची इंग्रजीची गरज त्यात सहसा बसत नाही.

अशा विद्यार्थ्यासाठी मराठीत परंपरेने उपलब्ध असलेले साधन म्हणजे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. नियम, शब्दसंग्रह आणि दोन्ही दिशांनी भाषांतरासाठी वाक्ये, अशी तिची मांडणी आहे. पुढे प्रत्यक्ष पद्धती व रचनापद्धती यांचा पुरस्कार झाला, तेव्हा ही पाठमाला कालबाह्य ठरविण्यात आली. वर्गात मातृभाषेचा शब्द उच्चारू नये, वस्तू दाखवून वाक्य घोटून घ्यावे, हा नवा दंडक झाला. ज्याच्यापुढे दहा वर्षांचे शिक्षण आहे अशा बालकास तो कदाचित मानवेल. नातवंडे असलेल्या माणसाकडून मात्र ‘हे पेन आहे’ या आशयाचे इंग्रजी वाक्य वीस वेळा वदवून घेणे हा त्याच्या बुद्धीचा अधिक्षेप होय. तो पुढील आठवड्यात वर्गास येत नाही, आणि दोष त्याच्या वयाच्या माथी मारला जातो.

वयासंबंधीचा हा समज तपासून पाहिला पाहिजे. स्नो आणि होफ्नागेल-होले यांनी १९७८ मध्ये हॉलंडमधील इंग्रजी भाषिकांच्या डच शिक्षणाविषयी, तसेच क्रॅशन, लाँग व स्कार्सेला यांनी १९७९ मध्ये अनेक संशोधनांचा आढावा घेऊन जे प्रतिपादिले, त्यानुसार आरंभीच्या टप्प्यात रूपरचना व वाक्यरचना प्रौढ व्यक्ती बालकांहून जलद आत्मसात करते. अंतिम प्रावीण्यात, विशेषतः उच्चारात, बालके पुढे जातात. हे निष्कर्ष वृद्धांस जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत, कारण उतारवयात नवे शब्द स्मरणात ठेवणे अवघड होते. तथापि नियम समजून घेण्याची प्रौढाची शक्ती हे त्याचे भांडवल आहे, आणि तुलनात्मक पद्धती नेमके तेच उपयोगात आणते. ‘मला ताप आला आहे’ या वाक्यात ताप हा कर्ता आहे. इंग्रजीत रोगी कर्ता होतो व ताप त्याच्या ‘जवळ’ असतो. ‘मला दोन मुली आहेत’ याचीही तीच गत. हा भेद एकदा उलगडला की शेकडो वाक्ये सुटतात. तू, तुम्ही, आपण या तिन्हींस इंग्रजीत एकच ‘यू’ का, ही वडीलधाऱ्यांची शंकाही मराठीतच निवारता येते.

परंतु पाठमालेचा खरा दोष तिच्या विरोधकांनी दाखविला नाही. ती ज्या मातृभाषेपासून आरंभ करते, ती ग्रंथांतील प्रमाण मराठी आहे. गोंदियाच्या विद्यार्थ्याची ती नव्हे. पारंपरिक झाडीबोलीत ‘श’ नाही. त्याच्या जागी ‘स’ येतो. त्यामुळे इंग्रजीतील ‘शी’ आणि ‘सी’ यांतील भेद, जो प्रमाण मराठी बोलणाऱ्यास आयता मिळतो, तो येथे प्रथमच घडवावा लागतो. त्यातच वार्धक्यात उच्च कंप्रतेचे ध्वनी ऐकू येणे कमी होते, आणि या घर्षक वर्णांची ओळख त्याच ध्वनींवर अवलंबून असते. जे कानास नीट ऐकूच येत नाही, ते जिभेने उच्चारले नाही म्हणून विद्यार्थ्यास हिणविणे अन्याय्य होय. उलट ‘ण’ नसल्याने त्याचे काही अडत नाही, कारण इंग्रजीसही त्याची गरज नाही. मुद्रित पाठमाला ध्वनींविषयी मौन पाळते, म्हणून ही गणिते तिच्यात येऊच शकत नाहीत.

दुसरा दोष सामग्रीचा. सुटी वाक्ये व्याकरणाच्या सोयीने रचलेली असल्याने विद्यार्थ्याच्या व्यवहाराशी त्यांचा संबंध जुळत नाही. वस्तुतः त्याच्या बोलीत इंग्रजी केव्हाच शिरली आहे : टेशन, फारम, टायम, सलाईन, बीपी. ‘शुगर’चा उच्चार तो ‘सुगर’ असा करतो, आणि गंमत अशी की, इंग्रजी लेखनात तेथे ‘एस्’ हेच अक्षर आहे. या शब्दांस अपभ्रंश म्हणून हसण्याऐवजी पहिला पाठ त्यांच्यावरच उभारला, तर आपण शून्यापासून आरंभ करीत नाही, ही जाणीव विद्यार्थ्यास होईल.

सारांश, भाषांतरपद्धती टाकून देण्यासारखी नाही; तिचा आधार मात्र बदलला पाहिजे. तुलना हवी, पण विद्यार्थ्याच्या स्वतःच्या बोलीशी. नियम हवेत, पण त्याच्या गरजेच्या वाक्यांतून. उच्चार समजण्याजोगा व्हावा, इंग्रजांसारखा होण्याचा आग्रह नको. अक्षरे मोठी, पाठ लहान आणि उजळणी वारंवार असावी. अशी पाठमाला सिद्ध करावयाची तर प्रथम झाडीबोली व पोवारी यांच्या ध्वनिव्यवस्थेची इंग्रजीशी पद्धतशीर तुलना व्हावयास हवी. ते काम विद्यापीठीय भाषाविभागांचे आहे, आणि ज्यांच्यासाठी ते करावयाचे त्यांच्या वयाचा विचार करता त्यास विलंब परवडणारा नाही.