मोडण्याची सोय

पिंपरी-चिंचवडमध्ये कवितेवर मत नसलेला माणूस पावलोपावली भेटतो. वाहनावर मत नसलेला अजून भेटायचाय. पुण्यात नाटक पाहून आलेला माणूस दुसऱ्या अंकाविषयी जे बोलतो, ते आमच्याकडे लोक दुसऱ्याच्या गाडीच्या गिअरबॉक्सविषयी बोलतात, आणि तेही ती गाडी न चालवता. अशा गावात राहून मी आजवर फक्त पुस्तकांची परीक्षणं लिहिली. शेजाऱ्यांच्या मते हे चांगलं वय वाया घालवणं होतं. त्यामुळे शेजारचे अण्णा जेव्हा म्हणाले, "नातवाला रिमोटचा ट्रक घ्यायचाय, ब्रशलेस का काय म्हणतात तो. तुम्ही परीक्षणं करता ना? करा मग याचं," तेव्हा मला बढती मिळाल्यासारखं वाटलं.

अण्णा टेल्कोतले फिटर. टेल्कोचं २००३ साली टाटा मोटर्स झालं, पण अण्णा अजूनही टेल्कोतूनच रिटायर झालेले आहेत. ट्रक या विषयावरचं सगळं वाङ्मय त्यांच्या मते १९८६ साली ४०७ निघाला तेव्हाच पूर्ण झालं. पुढचं सारं अनुकरण. असा वाचक समोर असला की समीक्षकाला जपून लिहावं लागतं.

नातवाचा आधीचा ट्रक (कुठल्या दुकानातला, ते सोडा) तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी पुढचं चाक तिरकं झालं. अण्णांनी पाने काढले, चष्मा चढवला, ट्रक उलटा केला आणि पाहतात तो उघडायला एक स्क्रू नाही! सगळं चिकटवलेलं. ज्या माणसाच्या हाताखालून हजारो ट्रक रस्त्यावर गेले, त्याला नातवासमोर म्हणावं लागलं, "हा उघडत नाही रे बाळा." नातवाने ट्रक माळ्यावर टाकला. त्याला ट्रक गेल्याचं फारसं काही वाटलं नाही. आजोबांना येत नाही, हे मात्र त्याने लक्षात ठेवलं. आमच्या परीक्षणाचा खरा विषय हा आहे. मोटर, बॅटरी, वेग वगैरे प्रकरणं अलंकारशास्त्रात येतात.

आधी नायक, म्हणजे मोटर. जुन्या पद्धतीच्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश फिरत्या भागावर घासत राहतात. घरातला मिक्सर एक दिवस ठिणग्या टाकू लागतो आणि मेकॅनिक "कार्बन गेले" म्हणतो, ते हेच. चाकणच्या धुळीत हे कार्बन लवकर झिजतात. ब्रशलेस मोटरमध्ये घासणारं काही नाही. फिरतात ती चुंबकं, तारेची वेटोळी जागच्या जागी बसलेली, आणि त्यांना पाळीपाळीने प्रवाह द्यायला एक इलेक्ट्रॉनिक डबी. झिजायला उरतात फक्त बेअरिंगं. अशाच मोटरवर २०२० साली 'चेतक' विजेची होऊन परत आली आणि आता घरातले पंखेही फिरतात. त्यामुळे मोटर ब्रशलेसच घ्यावी, याबद्दल समीक्षकांत मतभेद नाहीत.

मतभेद पुढे सुरू होतात. नायक फार बलदंड झाला की मार इतर पात्रांना बसतो. मोटर थकत नाही म्हणून गिअरचे दात जातात, अ‍ॅक्सल पिळवटतात. मोटरवर ३५०० केव्ही लिहिलेलं असेल तर एका व्होल्टला ३५०० फेरे, म्हणजे ११.१ व्होल्टच्या तीन सेलच्या बॅटरीवर, ओझं नसताना, मिनिटाला ३८,८५० फेरे! नातवाचं वय नऊ. त्याला आधी दोन सेलची, ७.४ व्होल्टची बॅटरी द्यावी. तिच्यावरही २५,९०० फेरे होतात, आणि भिंत गाठायला तेवढे पुरतात.

"मग पार्ट लोखंडी करू," अण्णा म्हणाले. "प्लास्टिकचे आर्म कसले लावतात? भोसरीला आपला माणूस आहे. संध्याकाळपर्यंत अ‍ॅल्युमिनियमचे करून देईल."

भोसरीत संध्याकाळपर्यंत काय वाटेल ते करून मिळतं, हीच तिथली अडचण आहे. चाकाला धरणारा नायलॉनचा आर्म आपटला की वाकतो आणि परत सरळ होतो. अ‍ॅल्युमिनियमचा वाकला की तसाच राहतो; आणि वाकू नये इतका जाड केला, तर धक्का पुढे पाठवतो. मग आर्म शाबूत आणि तो जिथे बसवलाय तो सांगाडा फुटलेला. फ्यूज उडतो म्हणून जाड तार बांधणाऱ्या माणसासारखं हे आहे. फ्यूज वाचतो, घर जळतं. अण्णा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे कुठे मोडायचं ते आधीच ठरवलेलं असतं." चांगल्या ट्रकाची इतकी नेमकी व्याख्या मला जमली नसती.

रणांगण म्हणाल तर एमआयडीसीतले मोकळे प्लॉट : मुरूम, खडी, कंटेनरच्या चाकांनी पाडलेल्या चाऱ्या. टिकाऊपणाच्या बाबतीत चाकणची माती जुनी परीक्षक आहे. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी इथला संग्रामदुर्ग शाइस्तेखानासमोर जवळजवळ दोन महिने लढवला, आणि शेवटी सुरुंगाने उडाला तो एक बुरूज. या मातीवर १:१६ मापाचा 'हायपर गो' चपळ खरा, पण मूठभर खडीत अडकतो. त्याला सोसायटीचं पार्किंग बरं. ट्रॅक्ससचा 'एक्स-मॅक्स' आठ सेलचा, धिप्पाड. आपल्याकडे किंमत लाखापलीकडे आणि पायावर आला तर हाड वेगळं. आर्माचा सहा सेलचा 'क्रेटन' दणकट आहे, पण नऊ वर्षांच्या हातात तो म्हणजे पहिलीच्या मुलाला 'ज्ञानेश्वरी'. ट्रॅक्ससचा २००८ सालचा 'स्लॅश' देखणा, पण जमिनीलगत चालतो. चारीत पोट टेकतं.

उरतात मधले : १:१० मापाचे, चारी चाकांना जोर असलेले, मोठ्या चाकांचे, ब्रशलेस. आर्माचा 'ग्रॅनाइट' किंवा ट्रॅक्ससचा 'स्टॅम्पीड'. दोन्ही स्क्रूंनी जोडलेले, दोन्हींचा आर्म वेगळा विकत मिळतो. यांतला कुठला, हे दुकानदाराला ठरवू द्या, पण प्रश्न आपण विचारायचा. ट्रकाची किंमत शेवटी. आधी विचारायचं, "पुढचा खालचा आर्म आहे का? केवढ्याला? आज मिळेल का?" दुकानदाराने खणातून आर्म काढून समोर ठेवला तर तो ट्रक घ्यावा. "साहेब, हा मोडतच नाही," असं म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पडावं.

बॅटरीचं तेवढं कडक पाळायचं. सेल ४.२ व्होल्टच्या वर भरायचा नाही, ३ च्या खाली उतरू द्यायचा नाही, चार्जिंगला लावून झोपायचं नाही, फुगली तर वापरायची नाही. पाण्यातून काढल्यावर बेअरिंग कोरडी करून तेलाचा थेंब. ही कामं नातवाची. पाने अण्णांचे.

न मोडणारा ट्रकही मिळतो. तो काचेच्या कपाटात ठेवावा. तिथे तो ४०७ पेक्षाही जास्त टिकेल. हे शेवटचं वाक्य मी अण्णांना अजून वाचून दाखवलेलं नाही.